करवतीने कापलेला खाऊ

रहाटणी,
मंगळवार

आदरणीय विहीणबाई चिमाबाई यांना साहेबरावांचा मनापासून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? तेल चोळणं सोडलं नसेल अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत (हे पत्रात लिहावंच लागतं; खरं काय ते पुढे वाचा). फोन सोडून पत्र का, तर तुमच्या लेकीने "मामा, आईला फोनवर काही सांगायचं नाही" असा माझ्याकडून शब्द घेतला आहे. पत्राचं ती काही बोलली नव्हती.

तर झालं असं. पाचवा महिना लागला तसा स्वरूपाला सकाळी घास उतरेना. पावणेसहाला चाकणची कंपनीची बस, त्यामुळे पोरगी उपाशीच जायची. गेल्या महिन्यात लाइनवर पार्ट तपासता तपासता तिला चक्कर आली आणि ती खाली बसली (बसली, पडली नाही. घाबरू नका). हिमोग्लोबिन नऊ निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या घ्या आणि थोड्या थोड्या वेळाने पौष्टिक खा. पण चहाची सुट्टी दहा मिनिटांची, त्यातली सहा कँटीनच्या रांगेत जातात. पिशवीतून काढून दोन घासांत संपेल असं काहीतरी हवं होतं. दुकानातले बार आणले, तर वेष्टनावर पहिलं नाव साखरेचं. मी म्हटलं, तीस वर्षं कंपनीच्या टूलरूममध्ये लोखंड मापात कापलेल्या माणसाला एक चौकोनी वडी जमणार नाही?

नाही जमली. शेंगदाणे, राजगिऱ्याच्या लाह्या, भोपळ्याच्या बिया सगळं बेतशीर घेतलं, पण गुळाचा पाक जरा पुढे गेला. गार झाल्यावर सुरी वाकली, म्हणून लोखंड कापायची करवत काढली (नवीन पातं लावून, गरम पाण्याने धुऊन). दुपारची वेळ. आवाज ऐकून सोसायटीचे सेक्रेटरी ज्ञानदेव भांडायलाच आले, की या वेळेत भिंतीचं काम चालत नाही. मी त्यांच्या हातावर एक तुकडा ठेवला. त्यांनी तो चावला आणि दाढेवरची निघालेली टोपी हातात घेऊन परत गेले. भला माणूस. मी दुसऱ्या दिवशी डेंटिस्टकडे त्यांच्यासोबत गेलो.

दुसऱ्या वेळी पाक कच्चा ठेवला, तर बार तिच्या पिशवीत वितळले आणि तपासणीच्या कागदांना चिकटले. सुपरवायझरने तिला काय ऐकवलं ते तिने सांगितलं नाही. पण त्या दिवशी ती जेवली नाही, आणि मला फार वाईट वाटलं.

मग मी गिरणीवाल्या सुभद्राबाईंकडे गेलो. त्या हसत सुटल्या. "आवो, पाक हाय त्यो, लोखंड न्हाई! खजूर वाटून घ्या, गूळ नावाला घाला, आन् कोमट हाय तवरच कापा." तसंच केलं. (खजूर उष्ण म्हणून तुम्ही ओरडाल, डॉक्टरीणबाईंना विचारूनच घातला.) आमच्या सिद्धेशने दुसऱ्या शिफ्टला जाण्याआधी बसून एकेक बार कागदात गुंडाळला. महिन्याभरात चक्कर गेली, आणि परवा हिमोग्लोबिन साडेदहा निघालं. तेव्हा काळजीचं कारण उरलेलं नाही.

आपला नम्र,
साहेबराव

ता. क. काळजीचं कारण नाही असं वर लिहिलं, ते हिमोग्लोबिनपुरतं. पहिला नीट जमलेला बार खाताना स्वरूपा म्हणाली, "मामा, अगदी आईच्या हातचं लागतंय," आणि गॅलरीत जाऊन वाळलेल्या कपड्यांकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. आमची मंडळी जाऊन तीन वर्षं झाली. या घरात दोन पुरुष आहेत, दोघेही प्रेमळ, आणि पोरीने मनातलं काही विचारलं की दोघेही चहा ठेवायला उठतात.

ता. क. २. सोबत वीस तारखेचं एसटीचं तिकीट ठेवलं आहे. खिडकीची जागा आहे. परतीचं काढलेलं नाही.