कढईतले मासे आणि ओला नमदा

इशेन,

मासे पुलावाच्या कढईत आहेत, गॅस पेटवू नकोस. माशांची काचेची टाकी गळत होती. मालकिणीच्या लाकडी फरशीला ओरखडा नको म्हणून तू टाकीखाली माझ्या आईनं लग्नात दिलेला लोकरीचा जाड गालिचा, तो नमदा घातलास ना? त्यानं सगळं पाणी मुकाट्यानं पिऊन घेतलं आणि वरून कोरडाच दिसत राहिला. आज खालच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई झुरा एजे छत ठिबकतंय म्हणून ओरडत वर आल्या, तेव्हा कळलं. त्यांना ताजे तळलेले बोरसोक खायला देऊन आलेय. माफी तू माग. मालकिणीलाही तूच सांग. टाकीखाली प्लास्टिकचा ट्रे ठेव म्हणून किती डोकं फोडलं होतं मी!

नमदा घेऊन आईकडे जातेय. लोकर लवकर वाळत नाही. वाळली की बघू.

नुरझात