मावशींच्या जागी आलेले शिलाई मशीन

प्रति,
मा. साहाय्य अधिकारी,
महिला आधारगृह विभाग

विषय : मावशींच्या रिक्त जागेवर माणूस मिळण्याबाबत.
संदर्भ : आपले 'गरज पूर्ण, फाईल बंद' हे पत्र.

महोदय,

१. घरच्या मारहाणीतून निघून आलेल्या अकरा जणी या आधारगृहात राहतात. त्यांची देखभाल करणाऱ्या अधीक्षिका, ज्यांना सगळ्या मावशी म्हणत, गेल्या महिन्यात वारल्या. अर्जदार त्यांची मुलगी आहे.

२. आपल्या छापील फॉर्मवर 'गरज' या शब्दापुढे एकच चौकट आहे. तीत काहीही लिहिले तरी आपल्याकडून शिलाई मशीन येते. थोरल्या बाईंनी दाराला आतून कडी मागितली; मशीन आले. दुसरीने वकील मागितला. मशीन आले, सोबत तेलाची बाटली. तिसरीने लिहिले, "नवरा शिंपी होता, मशीनचा आवाज ऐकला की हातपाय गार पडतात." तिला दोन आली.

३. मावशींनी आपल्याला कधी बोल लावला नाही. मशीनवर टॉवेल वाळत घालून त्या एकेकीजवळ बसत आणि विचारत, "बाई गं, तुला नेमकं काय हवं?" उत्तर वहीत उतरवत; प्रत्येकीला एक पान. कडी त्यांनी स्वतः ठोकली, वाकडी. वकिलाच्या दारात तीन दिवस ठाण मांडले. शेवटी त्यांना दारातून उठवायला म्हणून वकील इथे आला. इथेच राहणाऱ्या नर्सबाईंना जन्मभर गिळलेले भांडण भांडायचे होते. त्यांच्याशी मावशी रोज चहानंतर भांडत आणि नेमाने हरत. शाळेतल्या बाईंना कोणी काही विचारायला नको होते. त्यांचे पान कोरे आहे.

४. मावशी गेल्यावर अर्जदाराने चौकटीत लिहिले, 'मावशींच्या जागी कोणीतरी.' मंगळवारी मशीन आले. हमालाने ते मावशींच्या खुर्चीपाशी ठेवून सही मागितली. नर्सबाई मशीनभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "अगं, पण हे हरणार कसं?" सगळ्या हसल्या. अर्जदारही हसली, महिन्यात पहिल्यांदा.

५. सध्या रजा टाकून अर्जदारच त्या खुर्चीवर बसते. पहिल्याच दिवशी तिने शाळेतल्या बाईंना "बरं वाटतंय ना?" असे विचारले; त्या दोन दिवस खोलीबाहेर आल्या नाहीत. हे काम रक्तातून येत नाही, असे दिसते. रजा शुक्रवारी संपते. तरी फाईल उघडून त्याआधी माणूस नेमावा. शिवणकाम येण्याची अट नसावी.

आपली नम्र,
मावशींची मुलगी
दिनांक : ११ मार्च

सोबत :
१. शिलाई मशीन, नग एक (परत).
२. मावशींच्या वहीच्या अकरा पानांची प्रत, कोऱ्या पानासह. मूळ वही देता येणार नाही.