रजेवर दाखवलेला माणूस

आबा,

“बाई, नवरा कुठं होता हे बायकोनं सांगून चालत नसतं.”

हे वाक्य आठवतंय का तुम्हाला? मी तेव्हा नऊ वर्षांची होते. शाळेला सुट्टी होती म्हणून आईबरोबर मलाही तुम्ही सैनिकांच्या त्या कार्यालयात नेलं होतं. टेबलामागचे गृहस्थ काही वाईट नव्हते. आईला खुर्ची त्यांनीच ओढून दिली होती. पण आई पदर सावरून म्हणाली, मी स्वतः पाहिलंय यांना जाताना, तेव्हा ते असं बोलले आणि त्यांनी फाइलची नाडी बांधली. वाटेत तुम्ही आम्हा दोघींना उसाचा रस पाजलात. स्वतः घेतला नाहीत.

तुम्हाला जाऊन दीड वर्ष होत आलं. आणि तुमचं पदक आलं, आबा. त्यालाही आता अडीच महिने झाले. एवढी मोठी बातमी, आणि मी ती तुम्हाला अजून दिली नव्हती. का दिली नव्हती, तेच सांगायला आज बसले आहे.

तुमच्या अर्जांच्या प्रती माझ्याच अक्षरात आहेत, त्यामुळे ती हकीकत मला पाठ आहे. एकाहत्तर साल. आई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, जालन्याजवळच्या माझ्या आजोळी गेलेली. तुम्ही रजा घेऊन तिला भेटायला आलेले. रजेचे बारा दिवस शिल्लक असताना शेजारच्या रेडिओवर कळलं की लढाई सुरू झाली आणि रजेवरच्यांनी परत यावं. तुम्ही त्याच दुपारी निघालात. तुमच्या पलटणीपर्यंत पोचायला वाट नव्हती, म्हणून वाटेतल्या कॅम्पवरून तुम्हाला दुसऱ्याच एका पलटणीला जोडून पुढं पाठवलं. तिथं तुम्ही टेलिफोनच्या तारा टाकत, तुटलेल्या जोडत ती लढाई काढलीत. दादा जन्मला तेव्हा तुम्ही सरहद्दीवर होतात. तो चार महिन्यांचा झाल्यावर तुम्ही त्याला पाहिलंत.

त्या उसन्या पलटणीची हजेरीची यादी पुढं कुठं गेली ते कुणाला कळलं नाही. तुमच्या स्वतःच्या पलटणीच्या कागदांत मात्र शेवटपर्यंत एवढंच राहिलं: रजेवर. जे जे आघाडीवर होते त्या सगळ्यांना पदक मिळालं. तुम्हाला नाही.

तुम्ही नेहमी सांगायचात की ते शौर्याचं पदक नाही, हजेरीचं आहे. लहानपणी मला वाटायचं, मग कशाला इतकं लावून धरायचं? हजेरी तर शाळेतही चुकते. पण गावाकडच्या लग्नात पंगत बसली की कुणीतरी हमखास म्हणायचं, “हवालदारानं लढाई सासरवाडीतच मारली राव!” सगळे हसायचे. तुम्हीही हसायचात. आई वाढत असली तर भातावर वरण घालता घालता तिचा हात थांबायचा. एकदा तर ती भांडं खाली ठेवून सरळ आत निघून गेली होती. आपल्यामुळं हे यांना ऐकावं लागतं, असं तिला वाटायचं. मी माहेरी नसते तर हे तिथं आलेच नसते, असं ती मला कितीदा म्हणाली आहे. तुमच्यापाशी म्हणाली होती का कधी? बहुतेक नसावी.

तुमची जन्मतारीख तर उघड खोटी होती. पोलीस ॲक्शननंतरच्या थंडीत तुम्ही जन्मलात असं आजी सांगायची आणि कागदावर जून महिना, गुरुजींनी लावलेला. मी एकदा चिडून विचारलं होतं, ती चूक चालते तुम्हाला, मग हीच का नाही? तुम्ही दाढी करत होतात. आरशात बघतच म्हणालात, “जन्माला येण्यात माझं काय काम होतं? तिथं मी गेलो होतो.”

बाकीची पदकं तुमच्याजवळ होती. ती पट्टीवर लावताना तुम्ही मधे एका पदकाएवढी जागा मोकळी सोडायचात. पंधरा ऑगस्टला आमच्या शाळेत तुम्हाला झेंड्याला बोलवायचे, तेव्हा पुढच्या रांगेतल्या मुलांच्या आईवडिलांची नजर त्या जागेवर जायची. मला लाज वाटायची, आबा. मी हे कधी कबूल केलं नव्हतं.

म्हणून तर नोकरी लागल्यावर मी तो उद्योग केला. छावणीतल्या त्या दुकानात तशीच्या तशी पदकं मिळतात, हरवलेल्यांच्या बदली लोक नेतात. मी तुमची पट्टी गुपचूप नेली आणि ती जागा भरून आणली. शाळेत पोचेपर्यंत तुमच्या लक्षात आलं नाही. झेंडावंदनाच्या आधी कुणीतरी कोट नीट करायला म्हणून पुढं झालं आणि तुमची नजर खाली गेली. तुम्ही बाजूला झालात, सगळी पट्टीच काढून खिशात टाकलीत आणि साध्या कोटानं सलामी दिलीत.

दुसऱ्या दिवशी मला घेऊन तुम्ही ते पदक परत द्यायला छावणीत गेलात. दुकानदारचाचा हसत होते. “लगाव ना हवालदार साब, आजकल कौन पूछता?”

“मैं पूछता ना,” तुम्ही म्हणालात.

तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. परतीच्या वाटेवर तुम्ही मला माझ्या ऑफिसातल्या कामाबद्दल विचारत राहिलात, जणू काही झालंच नाही. मी तुमच्यासाठी केलं होतं ते, पण त्यात थोडं माझ्यासाठीही होतं. हे तुम्हाला कळलं होतं, हो ना?

आणि तुमचे ते दोस्त, तुमच्याच पलटणीतले. घरी येऊन म्हणाले होते, आण कागद, मी लिहून देतो की हा माझ्यासोबत होता. मला वाटलं, सुटलं एकदाचं. तुम्ही त्यांना चहा दिलात आणि विचारलंत, मी रजेवर गेल्यानंतर तू मला भेटलास कधी? ते म्हणाले, मार्चात. मग सही कशाची करतोस, असं म्हणून तुम्ही विषय बदललात. त्या दिवशी मी तुमच्याशी भांडले. त्या दुसऱ्या पलटणीतल्या कुणाचाच धड पत्ता तुम्हाला ठाऊक नव्हता. पाठवलेली पत्रं परत यायची. माणूस मिळत नाही आणि मिळालेला तुम्हाला चालत नाही, मग अर्ज तरी का करता, असं मी बोलले होते. तुम्ही म्हणालात, “खरं आहे म्हणून.”

शेवटच्या आजारात तुम्ही दोनदा विचारलंत, उत्तर आलं का? दोन्ही वेळा मी म्हटलं, येईल. उत्तर कधीच येऊन पडलं होतं. साक्षीदाराअभावी नोंद बदलता येत नाही, असं. तो लिफाफा माझ्या पर्समध्ये होता. तुम्हाला खोटं सांगितलं ते तेवढंच. निदान तुम्ही होतात तोवर.

तुम्ही गेल्यावर माजी सैनिकांच्या एका मोबाइलच्या ग्रुपवर मी त्या उसन्या पलटणीचं नाव टाकलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. एक सुभेदार, पंच्याऐंशीच्या पुढचे, गाव पैठणजवळ. एसटीनं तासाभराचा रस्ता! तुम्ही पार कुठं कुठं पत्रं पाठवलीत, आणि तो माणूस इतक्या जवळ राहत होता. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मी तुमचा त्या काळातला फोटो घेऊन गेले. सुभेदारकाकांनी तो बराच वेळ हातात धरला, चष्मा बदलून पाहिला. काही बोलेनात. मग मी बोलायला लागले. रेडिओ, रजा, तारांचं काम, सगळं. डिंकाच्या लाडवांचंसुद्धा: आईच्या बाळंतपणासाठी आजीनं केलेले लाडू आईनं तुम्हाला डबाभर बांधून दिले आणि ते तुम्ही आघाडीवर सगळ्यांना वाटले, हे मी मावशीकडून लहानपणापासून ऐकत आले होते.

लाडवांपाशी काका हसले. “व्हय व्हय. डबा व्हता त्याच्यापाशी. लाडू खाल्ले की आमी समद्यांनी. लई गोड माणूस.”

त्यांची सून चहा घेऊन उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. काहीतरी सांगायचं असल्यासारखं. मी कप घेतला आणि दुसरीकडं बघितलं. आबा, ती नजर मला तेव्हाच कळली होती. मी न कळल्यासारखं केलं.

काका म्हणाले, “तुझा बाप खोटं बोलंल व्हय? कुठं करू सही?” दुसऱ्या आठवड्यात ते माझ्याबरोबर रिक्षात बसून नोटरीकडं आले. इस्त्रीचा सदरा, पॉलिश केलेले बूट. वाटभर ते इतके खुशीत होते. आपण पुन्हा कुणाच्या तरी कामाला आलो, असं त्यांना वाटत असावं. आईच्या नावानं अर्ज गेला, सोबत त्यांचं प्रतिज्ञापत्र. त्यात लाडवांचा डबाही लिहिलेला.

आणि मग एका सकाळी पोस्टमननं आईची सही घेऊन पुडकं दिलं.

तुम्ही आईला पाहायला हवं होतं. तिनं ते पदक देवापुढं ठेवलं नाही की तुमच्या फोटोला लावलं नाही. रुमालात गुंडाळून कमरेला खोचलं आणि मुकुंदवाडीतल्या आपल्या गल्लीत घरोघर गेली. नंतर गावाकडं फोन लावायला सांगितलं. तुमच्या चुलतभावांना म्हणाली, “सासरवाडीत नव्हते, भाऊजी, ते. सरकारनं लिहून दिलंय.” फोन ठेवल्यावर पायरीवर बसली आणि मला म्हणाली, आता मला कुणाचं काही नाही. तिची पाठदुखीसुद्धा महिनाभर बंद होती. रोज दुपारी ती रुमाल सोडून पदक बघते, परत बांधते.

मग शेजारची रेखा बाळंतपणाला माहेरी आली. आई तिच्या आईला डिंक कसा तळायचा ते सांगत होती. बोलता बोलता म्हणाली, माझ्या पहिल्या वेळचे सगळे लाडू मीच संपवले, बाई. मी भाजी निवडत होते. मी विचारलं, आबांनी नेले होते ना डबाभर?

“कशाचे नेतायत,” आई म्हणाली. “डबा भरून ठेवला तसाच राहिला घाईत. हे गाडीत बसल्यावर मला आठवण झाली. लई रडले मी त्या डब्यापायी. तुझ्या मावशीला आपलं कायबी रचून सांगायची सवय.”

ती पुढं डिंकाबद्दल बोलत राहिली. मी आत जाऊन कपाटातली प्रतिज्ञापत्राची प्रत काढली. “त्यांनी घरून आणलेले लाडू मी स्वतः खाल्ले.” खाली थरथरती सही.

त्यांना तुम्ही आठवतच नव्हतात, आबा. मी जे सांगितलं तेच त्यांनी मला परत दिलं. आणि मी ते टाइप करून आणलं.

तुम्ही तिथं होतात यात मला कणाचाही संशय नाही. नोंद आता खरी आहे. पण ती ज्याच्यावर उभी आहे ते मी उभं केलेलं आहे. छावणीतलं पदक निदान दुकानातून आणलं होतं. हे मी एका म्हाताऱ्या, भल्या माणसाच्या डोक्यातून काढून आणलं. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतंत, त्यांनी तुला काय सांगितलं आणि तू त्यांना काय सांगितलंस? तेवढा एक प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता.

त्या कार्यालयाला मी पत्र लिहिलं आहे. साक्षीदाराला मी सगळं आधी सांगितलं होतं, चूक माझी आहे, त्यांना यात ओढू नये, नोंदीचा निर्णय पुन्हा घ्यावा. तीनदा लिहिलं, तेव्हा कुठं सरळ जमलं. पत्र पाकिटात घातलं आहे, पत्ता घातला आहे, तिकिटं लावली आहेत. क्रांती चौकातून रोज पोस्टावरून जाते. अजून टाकलेलं नाही.

ते गेलं की काय होईल तुम्हाला ठाऊक आहे. कागदावर तुम्ही पुन्हा रजेवर जाल. आणि पदक परत मागवणारं पत्र आईच्या नावानं येईल. सही तिलाच करावी लागेल.

तरी वचन देते. ते पत्र मी टाकणार. मी न पाहिलेल्या, त्यांनी न पाहिलेल्या गोष्टीच्या आधारानं तुमचं नाव त्या यादीत ठेवणार नाही. माझ्यानंतर कुणाला सापडेल म्हणून कपाटातही ठेवणार नाही. टाकणार, माझ्या हातानं.

फक्त एक मागते. आई आहे तोवर थांबू द्या मला. तिचे दिवस झाले की तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोस्टात जाईन. तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. चष्मा पुसत, आवाज न चढवता कसं म्हणाल तेही माहीत आहे. तरी मागते. या एका बाबतीत हो म्हणा ना, आबा.

तुमची,
बेबी