पट्टे तपासायचं काम

प्रिय कोमल,

फोनवर तू नुसतं 'बरं' म्हणून ठेवून देतेस, म्हणून लिहितोय. रागाव, पण शेवटपर्यंत वाच, बाई. तुझा पासपोर्ट आला, नवी बॅग आली, आमची कोमल कतारला निघाली म्हणून आत्याबाईंनी गल्लीभर सांगितलं. आणि मी नोकरी नाकारली म्हणालो. का, ते मात्र तुला सांगायला माझी जीभच उचलेना.

हाताला लागल्यापासून कंपनीनं मला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. इंडस्ट्रियल एरियातली खोली, मेसचं जेवण, थोडा पगार, सगळं चालू होतं. अट एकच: डॉक्टरांनी फिट म्हटलं की देतील ते काम घ्यायचं, नाहीतर सबळ कारण द्यायचं. आणि काम दिलं काय, तर पट्टे तपासायचं! क्रेननं माल उचलायचे जाड पट्टे असतात ना, ते सावलीत बसून बोटांनी चाचपायचे, चीर नसेल त्याला टॅग लावायचा. ना ऊन, ना ओझं. वर हुद्दा असा, की तुला इकडे आणता येईल. खोलीतल्या पोरांनी मला डोक्यावर घेतलं होतं गं. मीही वेड्यासारखा सूक वाकिफच्या बाजारात जाऊन तुझ्यासाठी अत्तरं हुंगून आलो.

ऑफिसातले गिरीशसाहेब आपले नाशिकचे, भला माणूस. मी काम नको म्हटल्यावर, काहीतरी कारण दे रे सुदाम, म्हणून मागेच लागले. आजारी म्हणावं, तर कागदावर फिट. लांब पडतं म्हणावं, तर बस दारात. पगारही वाढलेला. बोटांना स्पर्श कळत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी मला पुन्हा डॉक्टरकडे धाडलं. डॉक्टरनं मूठ वळायला लावली, मूठ वळली, पुन्हा फिट. मग साहेबांनीही हात टेकले. खलास! आता खोलीही सोडायची.

पण कोमल, पहिल्याच दिवशी मी एक पट्टा चाचपला, चांगला म्हणून टॅग लावला. तो गेला कासमकडे. लोखंडी पाइप वर जातात तेव्हा त्यांना दोरीनं वळवायला तो जवळच उभा असतो. उचलण्याआधी त्यानं सवयीनं हात फिरवला, तर घडीच्या आत ही एवढी चीर! त्यानं पट्टा कापून टाकला आणि माझ्याकडे बघून हसला. ती चीर माझ्या बोटांखालून गेली होती आणि मला पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी मी नाही म्हणून सांगून आलो.

तुला आणता आलं नाही, हे मला जन्मभर सलत राहील. मी पुढच्या आठवड्यात येतोय, तेव्हा हवं तेवढं भांड. पण हे पत्र घेऊन आलेला माणूस अजून ओसरीवर बसला असेल. तोच कासम. सुट्टीवर आलाय, आधी आपल्याकडे आणि मग स्वतःच्या घरी, हमिदावहिनींकडे जाणार आहे. आपल्यामुळे सुदामची नोकरी गेली, असं त्यानं मनाला लावून घेतलंय. त्याला जेवल्याशिवाय जाऊ देऊ नकोस.

तुझाच,
सुदाम