वळख

प्रिय बाय,

काल हॉलमध्ये रंगारी आला होता. शिडीवर चढून फळीवर नावं लिहीत होता. कॉलेजच्या प्रमुखांची आणि आजवरच्या शिक्षकांची नावं, सोनेरी रंगात, प्रत्येकापुढे त्याची पदवी. सगळ्यात वरचं नाव माझं होतं. ते पूर्ण होईपर्यंत मी खाली उभी राहिले आणि मग घरी आले. जेवण गेलं नाही. म्हणून तुला लिहिते आहे.

ऊस तोडायच्या दिवसांत तू गेलीस. आता लिची उतरवून झाल्या, जानेवारी तोंडावर आला. सोमवारी नवी पोरं येतील. फाटकाशी कोणी नसेल.

मराठीत लिहिते आहे. तू म्हणशील, ही पुण्याची मराठी, आपली बेटावरची नव्हे. असू दे. माझ्याकडे आता हीच उरली आहे.

तुला आठवतं का, सुरुवातीला आपलं कॉलेज म्हणजे देवळामागचा पत्र्याचा हॉल होता? मधे पडदा, पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक वर्ग. पाऊस आला की शिकवणं बंद, कारण पत्र्यापुढे कोणाचाच आवाज चालत नसे. तू प्राथमिक शाळेतली नोकरी सोडून हे मांडलंस. आपल्या बों अक्योय गावातली जी पोरं सहावीच्या परीक्षेत मागे राहिली, ज्यांना शहरातली कॉलेजं, पुण्याला ज्यांना हायस्कूल म्हणतात ती, घेत नव्हती, त्यांच्यासाठी. मराठ्यांची, भोजपुरी बोलणाऱ्यांची, क्रेओलांची, मुसलमानांची. तुझा नियम एवढाच, की फाटकाशी आलेल्या पोराला परत पाठवायचं नाही.

जानेवारीच्या पहिल्या दिवशी तू फाटकात उभी राहायचीस. नाव विचारायची नाहीस, निकाल विचारायची नाहीस. विचारायचीस, "मला वळखलंस का?" पोर घाबरून मान हलवायचं. नाही. "मग उद्या वळखशील. आत ये."

आईबाप रस्त्यावरच हसायचे. मला, तुझ्या धाकट्या बहिणीला, त्या वेळी ते बालिश वाटायचं. मी नुकतीच पुण्याहून साहित्याची पदवी घेऊन परतले होते, आणि मला बरंच काही बालिश वाटायचं.

तुझी मराठीसुद्धा. एका संध्याकाळी तू वह्या तपासत म्हणालीस, "सरकारनं आपल्या कॉलेजला वळखलं पायजे. वळख न्हाय मिळाली तर दोन वर्सांत दार बंद." मी म्हटलं, "बाय, वळख नाही. मान्यता. मान्यता मिळते."

"मान्यता म्हंजे काय?"

"सरकार मान्य करतं. हो म्हणतं."

"म्हंजे मान हलवतं." तू मान डोलावून दाखवलीस, सरकारी साहेबासारखी, डोळे मिटून. "तसं झोपेतपण करतात, शेवंता. वळख तोंड बघून व्हते."

मी हसले. तरी शिकवण्याच्या आवाजात पुन्हा म्हटलं, "मान्यता." तू म्हणालीस, "कोरेक, मिस." बरोबर, मिस. त्या दिवसापासून कॉलेजात मला मिस म्हणू लागलीस. मी तो विनोद समजले. होता ना तो विनोद?

मग फुकट शिक्षण आलं. माध्यमिक पोरांची फी सरकार भरणार असं जाहीर झालं. गावात फटाके वाजले. तू मात्र वही घेऊन हिशेब करत बसलीस. फी मिळणार होती मान्यता असलेल्या कॉलेजांना. ज्यांना ती नाही, त्यांच्याकडे पैसे देऊन कोण राहील? आणि आपली पोरं तर कुठेच जाणार नव्हती. ती सरळ उसात जाणार होती.

अटी आल्या. पक्क्या भिंती, प्रयोगशाळा, ग्रंथालय. ते सगळं गावाने उभं केलं. रविवारी रविवारी माणसं सिमेंट कालवायला यायची, तू त्यांच्यासाठी गातो पिमां तळायचीस, आणि वड्यांच्या डाळीत मिरची जास्त पडली म्हणून ती तुला शिव्या द्यायची. एकच अट गावाला पुरी करता येईना. प्रमुखाला पदवी हवी. तुझ्याकडे नव्हती.

तू मला सांगितलंस तेव्हा आपण देवळाच्या पायरीवर बसलो होतो. तू चपला काढून पाय चोळत होतीस.

"खुर्चीवर तू बस."

"मी नाही बसणार. ते तुझं आहे."

"माझं काय हाय त्यात? लाकूड हाय."

"बाय, मी तुझ्या जागी बसले तर लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बहीण शिकलेली हाय. खरं हाय." मग क्रेओलमध्ये म्हणालीस, "की पु फेर." काय करणार. ते तू इतकं सहज म्हणालीस की मला वाटलं, तुला खरंच काही वाटत नाही. तुला काही वाटत नाही असं वाटायला लावण्यात तू फार हुशार होतीस. त्याचा मला आजही राग येतो.

मी बसले. टेबलावर माझ्या नावाची पाटी आली.

तपासणीसांचा दिवस. ते तिघे होते. चांगली माणसं, हे सांगायला हवं. त्यांनी भिंती पाहिल्या, प्रयोगशाळेतल्या बाटल्या पाहिल्या, पोरांना प्रश्न विचारले. मग माझ्या समोर येऊन बसले. कॉलेजचा उद्देश काय, असं त्यांतल्या वयाने मोठ्या तपासणीसांनी विचारलं. मी इंग्रजीत उत्तर दिलं. सर्वांना समान संधी, जात, धर्म, भाषा, निकाल यांचा विचार न करता. ते वाक्य मी आठवडाभर घोळवलं होतं. ते तुझंच होतं, फक्त त्याला मी कपडे घातले होते.

तेवढ्यात तू चहा घेऊन आत आलीस.

तू का आलीस? चहा आणायला दुसरं कोणी नव्हतं? तू रोजची खादीची साडी नेसली नव्हतीस. घरातली जुनी नेसली होतीस, पदर खोचलेला. चहातल्या व्हॅनिलाचा वास खोलीभर झाला. तू एकेक कप ठेवलास. मोठे तपासणीस सभ्यपणे उठले आणि त्यांनी फ्रेंचमध्ये मला विचारलं, "ह्या बाई कोण?"

मी तोंड उघडलं. ते मी उघडलं होतं, बाय. तू माझ्याकडे पाहिलंस, आणि माझ्याआधी बोललीस.

"मो फेर दिते, मिस्ये."

मी चहा करते, साहेब.

ते हसून म्हणाले, चहा छान आहे. तू मान डोलावलीस, डोळे मिटून. ती नक्कल फक्त मला कळली. तू ट्रे घेऊन गेलीस, आणि ते पुन्हा समान संधीबद्दल विचारू लागले.

त्यानंतर कितीतरी वेळा मी तुला मनात विचारलं आहे. तुला भीती होती का, की पदवी नसलेली बाई अजूनही कॉलेज चालवते असं त्यांना वाटेल? तसं असेल तर तू त्या दिवशी घरी राहायचं होतंस. तुला ते पाहायचं होतं, हेच खरं ना? आपलं कॉलेज कसं ओळखलं जातं, ते एका कोपऱ्यातून का होईना. आणि तुझं नाव सांगण्याची माझी एकच वेळ तू माझ्या हातातून काढून घेतलीस. तेवढी तरी मला ठेवायचीस.

मान्यता मिळाली. तू देवळात नारळ फोडलास. "आली वळख?" तू विचारलंस. मी म्हटलं, "आली मान्यता." मी अजून सुधारतच होते.

मान्यतेबरोबर वयाची अट आली. ठरावीक वयापुढची पोरं पटावर घ्यायची नाहीत. अट वाईट नव्हती, लहान पोरांच्या वर्गात मोठी बसू नयेत म्हणून होती. पण आपल्याकडे येणारी अर्धी पोरं मोठीच असायची. धाकट्या भावंडांना सांभाळून, एक दोन हंगाम उसात काढून मग येणारी. त्या वर्षी जोझियान आली. उसाच्या कॅम्पातली क्रेओल मुलगी, माझ्याएवढी उंच झालेली. मी तिला अट समजावून सांगितली. माझ्या मते नीट सांगितली. ती "कोरेक, मिस" म्हणून निघाली, आणि फाटकात तू उभी होतीस.

दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात लिचीखाली तुझा वर्ग भरला. जोझियान आणि तिच्यासारख्या आणखी काही. पटावर नाहीत, घंटा नाही, फळा म्हणजे दाराची जुनी फळी. स्टाफरूममध्ये त्याला 'बायची युनिव्हर्सिटी' म्हणायचे. "आज युनिव्हर्सिटीला सुट्टी का? लिची पिकल्या वाटतं." तूही हसायचीस. एकदा स्टाफरूमच्या दारात येऊन म्हणालीस, "खडू हाय का थोडा, तुमच्या कॉलेजात?" सगळे हसले. मी खडू दिला. 'तुमच्या' हा शब्द रात्री ऐकू आला.

तू माझ्या ऑफिसात पुन्हा कधी आली नाहीस. उंबऱ्यावर उभी राहायचीस. "आत येऊ का, मिस?" मी म्हणायचे, "बाय, काय हे, ये ना." तू म्हणायचीस, "पा बिझें, इथनंच सांगते." गरज नाही. किती वर्षं आपण असं उंबऱ्यावरून बोललो? घरी एका ताटात फराटा खायचो, आणि तिथे उंबरा. मी उठून तुला हाताला धरून आत का आणलं नाही, आणि तू आणू दिलं असतंस का, हे आता दोघींपैकी कोणाला कळायचं नाही.

तुझ्या अंत्ययात्रेला गाव लोटलं. तपासणीसांपैकी कोणी नव्हतं, त्यांना कोण सांगणार? जोझियान आली होती. तुला ती अजून मादामच म्हणते. आता ती शिवणाच्या कारखान्यात मुलींवर देखरेख करते. बायकांत बसली, आमच्यासारखीच डोक्यावर पदर घेतल्यासारखी ओढणी घेऊन. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "मिस, माझी धाकटी बहीण जानेवारीत मादामकडे येणार होती. वय उलटून गेलंय तिचं. आता कोणाकडे येईल?"

मी म्हटलं, "पाहू."

बाय, तू असतीस तर 'पाहू' म्हणाली नसतीस.

आज सकाळी मी पुन्हा हॉलमध्ये गेले. रंगाऱ्याला म्हटलं, माझ्या वर एक नाव लिही. तो म्हणाला, वर जागा नाही, सेक्रेटरी म्हणाले होते मान्यतेपासूनची नावं. मी म्हटलं, मग सगळी पुसून एकेक ओळ खाली घे. त्याने माझ्याकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि पुसायला लागला. तुझं नाव लिहून झाल्यावर त्याने विचारलं, "पुढे काय लिहू? पदवी?"

मी म्हटलं, काही नको. तुझ्या नावापुढे लाकूड तसंच राहिलं आहे.

तुला ही फळी दाखवली असती तर तू म्हणाली असतीस, लाकूड हाय. मला माहीत आहे, एवढ्याने काही होत नाही.

म्हणून हे ऐक. सोमवारी फाटकाशी मी उभी राहीन. शब्द तुझाच वापरीन, वळखलंस का, आणि तो कोणी सुधारू लागलं तर सुधारू देणार नाही. दुपारी घंटा झाली की लिचीखाली जाईन. जोझियानला निरोप गेला आहे, बहिणीला पाठव म्हणून. पुढच्या वेळी तपासणीस येतील तेव्हा त्यांना भिंतींच्या आधी ते झाड दाखवीन. त्याने मान्यता अडचणीत आली तर येऊ दे, मी भांडेन. चहा मी करीन. आणि त्यांतल्या कोणी विचारलं, फळीवर पहिल्या, पदवी नसलेल्या ह्या बाई कोण, तर त्यांचे कप गार होईपर्यंत सांगत राहीन.

तुझी,
शेवंता