रिकामी पाटी

थळ, ता. १२ फेब्रुवारी १९६६

चि. हरेश्वर यास शिवदासकाकाचे आशीर्वाद. राग खाली आहे, आशीर्वाद आधी घे.

तुमच्या संस्थेच्या गणकयंत्राने छापलेला कागद पोचला. पाटीत मासे, त्यातच आणखी पाट्या, त्यांच्यातही मासे. एकूण किती, ते यंत्राच्या लिस्प भाषेत मांडायचं तुझं कोडं. माझी मांडणी बरोबर चालली म्हणून तू कळवलंस आणि मी अर्ध्या कोळीवाड्याला सांगून बसलो. आज अक्षर न् अक्षर ताडून पाहिलं. तिसरी ओळ माझी नाही. पाटी रिकामी असेल तर शून्य, हे तू घुसवलंस.

चौथी शिकलेला माणूस आपला आपण इंग्रजी शिकला, आता ही भाषा शिकतोय, तो तुझी खोटी शाबासकी घ्यायला? तुझी काकू म्हणते, पुतण्याने जाळ्याचं भोक सांधलं तर एवढी बोंब कसली. आणि ते भोक आहे हेच मला मान्य नाही. रिकामी पाटी आपल्यात कोण घरी आणतं? एखादा बोंबील तरी तळाला ठेवतातच. म्हणून एक उरला की मोजणी संपली, असं मी लिहिलंय. माझं आहे तसं चालव, नाहीतर पुढचं कोडं धाडू नकोस.

शिवदास

मुंबई, ता. २० फेब्रुवारी १९६६

ती. स्व. शिवदासकाकांस हरेश्वरचा सा. न.

हुकुमाप्रमाणे तुमचंच चालवलं. कोड्यातली एक आतली पाटी रिकामीच होती. तिच्यातून पहिला मासा काढायला गेलेलं यंत्र तिथेच अडून बसलं. साहेबांनी सर्वांदेखत विचारलं, हे कोणाचं. मी तुमचं नाव सांगितलं. माझी या महिन्याची यंत्रावरची पाळी गेली, झालं समाधान?

गावच्या चंदर मास्तरांनी एकदा तुमच्या इंग्रजीतली चूक काढली, तेव्हापासून तुम्ही त्यांच्या दारावरून जात नाही. हे शिकणंही सोडाल, अशी भीती वाटली म्हणून ओळ घातली. राग ठेवा, पण पत्र पाठवा.

आपला, हरेश्वर

थळ, ता. २७ फेब्रुवारी १९६६

चि. हरेश्वर यास आशीर्वाद.

माझं नाव घेतलंस ते बरं केलंस. चूक माझी होती. पण मी सोडून देईन, हे ठरवणारा तू कोण? तो राग अजून गेलेला नाही. तिसरी ओळ तुझी न बघता माझ्या हाताने लिहिली आहे. या भाषेत कंसच फार, तेवढे मोजून घे आणि पुढचं कोडं धाड. लोभ आहेच, राग ओसरला की दिसेल.

शिवदास

ता. क. मासळी घेऊन येणाऱ्या भिकूकडे तुझ्यासाठी पाटीभर सुकवलेले सोडे दिले आहेत. काकू अपशकुन म्हणते, तरी लिहितो: पाटी परत धाडशील ती रिकामीच धाड.