पाय टेकतील असं बाकडं

प्रिय शिवांजली,

काकूची गुडघेदुखी आता थांबली आहे, असं तिनं लिहायला सांगितलंय, म्हणून आधी तेच लिहितो. बाकी बरं आहे. शेजारची कडूबाई दोन्ही वेळा भाकरी टाकून जाते.

लहानपणी माझ्या शिलाई मशीनखाली बसून तू चिंध्या गोळा करायचीस. गिऱ्हाइकाला मी कधी नुसती मापं सांगितली न्हायीत. धुरपदाबाईला म्हणायचो, मावशे, ही चोळी घालून लेकीच्या मांडवात उभी राहिलीस की विहीणबाई नवरी सोडून तुझ्याकडंच बघंल. ती म्हणायची, मेल्या, बोलणं बस कर अन् शिव. म्हणूनच फाट्यावरच्या बसथांब्याचे तुझे नकाशे ग्रामसभेत कुणाला उमजेनात, तेव्हा मी तुझ्या कानात सांगितलं, पोरी, रेघा बाजूला ठेव अन् गोष्ट सांग, गोष्टीत तुझ्या काकूला येरमाळ्याच्या एसटीतून उतरव.

तू उतरवलंस. डोक्यावर पाटी, एक हात गुडघ्यावर, वर रणरणतं ऊन. मग तिला सावली दिलीस, पाय भुईला टेकतील असं बुटकं बाकडं दिलंस, उठताना धरायला दांडी दिलीस. बायांनी डोळ्याला पदर लावला. दर सभेत मधूनच उठून जाणारा बलभीमसुद्धा शेवटपर्यंत बसला. थांबा मंजूर झाला.

ठेकेदारानं बुटक्या बाकड्याच्या जागी कमरेएवढा ओटा बांधला, कुत्री चढू नयेत म्हणून. दांडी गाळलीच. उद्घाटनाला आलीस तेव्हा तुला ते दिसलं होतं. मी तुझ्या तोंडाकडंच बघत होतो. पण शूटिंगवाला खोळंबला होता. तू म्हणालीस, काकू, एकदाच बसा. दोघांनी काखेत हात घालून तिला वर ठेवली, पोतं ठेवावं तशी. पाय लोंबायला लागले तसं तिनं लाजून लुगडं खाली ओढलं. तुझ्या व्हिडिओत फक्त तिचं तोंड आलंय. हसतंय.

गोष्टी मीही लई सांगितल्या, बाई. पण गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून बघितल्याबिगर शेवटची टीप मारली न्हाय. काखेत दाटलं तर उसवायचो.

काल तुझा फोन आला. थांब्याला बक्षीस मिळालंय, पुण्यात स्टेजवर अगदी नकाशातल्यासारखं बाकडं मांडणार, काकूनं येऊन त्यावर बसायचं, रविवारी गाडी पाठवतेस. ती शेजारीच पडून होती, म्हणून व्हय व्हय म्हणालो. गाडी पाठवू नकोस. मागच्या बाजाराला थांब्यावर बाया तिला म्हणाल्या, मथुराबाई, बाकडं तुमच्या नावचं, अन् तुमीच उभ्या? ती एकटीच चढायला गेली अन् पडली. खुब्याचं हाड मोडलंय. या वयात पुन्हा चालणं कठीण, असं डॉक्टर म्हणतात. ती मात्र येईल त्याला सांगते, अंगणात घसरले. मलाही बजावलंय, पोरीची गोष्ट मोडू नका. तिचा शब्द मोडून हे लिहितोय. तुझा कार्यक्रम झाला की ते स्टेजवरचं बाकडं इकडं पाठवून दे. फाट्यावर नेऊन ठेवतो. गावात म्हाताऱ्या अजून लई आहेत.

तुझाच,
उत्तरेश्वरकाका